बऱ्या झालेल्यांचा डबा

संपादकांच्या पत्रात 'प्रयोगशाळेतले गमतीदार अनुभव' असा विषय सुचवलेला होता. मी त्यांना फोन करून विचारलं, "रोगाचं नाव छापाल का?"

"कुठल्या रोगाचं?"

"सिफिलिस."

मग ते म्हणाले, "ताई, दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात."

मी म्हटलं, "रोगही घरातल्यांनाच होतो."

"बघू," ते म्हणाले. हे तुमच्या हातात असेल, तर त्यांनी बघितलं असं धरायला हरकत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी रुग्णालयात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. गाव सांगत नाही आणि पुढे येणारी सगळी नावं बदललेली आहेत. ज्यांची बदललेली नकोत, अशी दोनचार नावं माझ्याकडे आहेत, पण वकील असलेल्या भाच्याने तीही बदलायला लावली.

या रोगाला आमच्याकडचे जुने लोक गरमी म्हणत. वैद्य उपदंश म्हणत. सरकारी कागदावर त्याची इतकी लांबलचक सोज्वळ नावं आली की रोग्याला आपल्याला काय झालंय ते कळू नये. आणि एसटीच्या वाटेवर प्रत्येक कुंपणाच्या भिंतीवर पिवळ्या रंगात पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं असे, गुप्तरोग. एवढ्या मोठ्या अक्षरांत गुप्त असलेली दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

आमच्या पिढीची तपासणी म्हणजे व्हीडीआरएल. बाहेरच्या माणसाला सांगायची तर अशी. दंडातून रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढायचं. ते छप्पन्न अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं. काचेवर गोल आखलेले असतात, त्यात एक थेंब सीरम आणि एक थेंब अँटिजेन. काच चार मिनिटं फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बारीक कण सुटे तरंगत राहिले तर ठीक. त्यांच्या गुठळ्या झाल्या, नासलेल्या दुधासारखं दिसू लागलं, तर रिॲक्टिव्ह. हे अँटिजेन बैलाच्या हृदयातल्या चरबीपासून करतात. एका साहेबांनी मला हे पाहुण्यांसमोर बोलत जाऊ नका असं बजावलं होतं. पाहुण्यांना सिफिलिस चालत होता, बैल चालत नव्हता.

अँटिजेनचं मिश्रण रोज ताजं करावं लागे. बाटली टेबलावर गोल फिरवत ठेवायची आणि वरून थेंब थेंब सोडायचा. हात अडखळला की कण जाड होतात आणि मग निरोगी माणसाच्या रक्तातही गुठळ्या दिसायला लागतात. खोली तापली तरी तेच. म्हणून मे महिन्यात मी सकाळी साडेसातला येऊन बाटली फिरवत बसायची. शिपाई म्हणायचा, "मॅडम ताक घुसळतायत."

गंमत अशी की या तपासणीत जंतू दिसतच नाही. शरीरात जी मोडतोड चाललेली असते तिची खूण तेवढी ती पकडते. त्यामुळे कधी हिवतापात, कधी नुसत्या गरोदरपणातही ती फसवते. पण तिचा एक गुण मोठा. औषध लागू पडलं की ती उतरते. सीरम दुप्पट दुप्पट पातळ करत जायचं आणि गुठळ्या कुठवर दिसतात ते लिहायचं. बत्तीस पट पातळ करूनही दिसल्या, तर बत्तीस. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनंतर तोच माणूस काही महिन्यांनी आठवर येतो, मग दोनवर, आणि लवकर उपचार झाले असतील तर पुष्कळदा काहीच उरत नाही.

दुसऱ्या जातीच्या तपासण्या त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात. त्या नेमक्या असतात. पण ही प्रतिद्रव्यं रोग गेल्यावरही बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. माझ्या आजोबांच्या तोंडावर देवीचे वण होते. म्हणून ते वारले तेव्हा देवीने वारले असं कोणी म्हटलं नाही. एवढी साधी गोष्ट आहे. पुढचा सगळा संताप या साध्या गोष्टीचा आहे, म्हणून ती आधी सांगून ठेवली.

तपासायला येणारे पुरुष खरं नाव सांगत नसत. माझ्या वहीत रमेश पवार नावाचा एकच माणूस वर्षानुवर्षं येत होता. कधी तो बंदरावर कंटेनर ओढणारा ट्रकचालक असे, कधी दोन अंगठ्या घातलेला बागायतदार. एकदा एकाच सकाळी दोन रमेश पवार बाकावर शेजारी बसले. मी नाव पुकारलं, दोघं उठले, एकमेकांकडे बघून दोघंही बसले. शेवटी मीच म्हटलं, "त्यातले उंच पवार या."

आमच्या भागाचा म्हणून एक खास रिवाज होता, मेडिकलच्या आधीचं मेडिकल. खाडीपलीकडच्या मुसलमान वस्त्यांतले निम्मे पुरुष आखातात. मस्कत, दुबई, कुवेत. जाण्याआधी मुंबईत वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्यात सिफिलिसही बघतात. तिथे 'अनफिट'चा शिक्का बसला की एजंटाला दिलेलं सगळं गेलं. म्हणून पोरं आधी गुपचूप माझ्याकडे येत. "मॅडम, तिकडं जाण्याआधी बघून घ्या." आणि 'फिट'चा कागद मिळाला की तो घरात किती मानाने ठेवला जातो ते बघण्यासारखं असे. प्लॅस्टिकमध्ये मढवून. लग्नाची बोलणी करतानाही दाखवत. पासपोर्टहून जास्त भरवसा त्या कागदावर. त्या दिवशी त्या तपासणीत काही निघालं नाही, एवढंच तो सांगतो. पण शिक्का गोल आणि जांभळा असला की आपल्याकडे तो चारित्र्याचा दाखला होतो.

नसीम आमच्याकडे पहिल्यांदा आली ती एक मूल गमावून. आठव्या महिन्यात, पोटातच गेलेलं. सासरी सुपारी सोलायचं काम, तिच्या बोटांची टोकं सुपारीच्या रसाने काळी आणि जाड झालेली. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिसऱ्याच महिन्यात एकटी आली. मी काच फिरवली, तर बत्तीस पट पातळ करूनही गुठळ्या. नेमकी तपासणीही बाहेरून करून आणली. तीही तेच म्हणाली. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली.

तिला समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे मला कुठनं?"

"तुमचे मालक कुठे असतात?"

"मस्कतला." मग तिने काळी बोटं मुठीत मिटून घेतली. "घरात सांगू नका. त्यांला मी सांगते."

तो, म्हणजे इम्तियाज, सुट्टीवर आला तेव्हा मुंबईत इंजेक्शनं घेऊन गेला. घरी पत्ता नाही. नसीमला मुलगा झाला, चांगला रडका. ती दर तीन महिन्यांनी 'अंगात रक्त कमी हाय' या सबबीवर माझ्याकडे येई. सोळा, आठ, चार, एक, आणि एक दिवस काच स्वच्छ. तिची परवानगी घेऊन मी तिचं प्रत्येक खेपेचं सीरम थोडं थोडं गोठवून ठेवलं होतं. अशा बऱ्या झालेल्या पुष्कळ जणांचं होतं. एक निळा डबा भरून. त्याच्यावर मी चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'बऱ्या झालेल्या'. पुरुषही होते त्यात, पण आधी आल्या त्या बायकाच.

मग कंपनी आली.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत ही कंपनी तपासणीचे संच बनवायची. तिला गरोदर बायकांसाठी सिफिलिसची पट्टी काढायची होती. बोटातून एक थेंब रक्त, वर दोन थेंब औषध, पंधरा मिनिटं. एक गुलाबी रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर रोग. जात मात्र ती दुसरी, प्रतिद्रव्यं शोधणारी. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, ताक घुसळणारी बाई नको. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर सबनीस, वय पस्तिशीच्या आत, हुशार आणि नम्र. अशी माणसं फार धोक्याची, कारण त्यांच्यावर रागावायला उशीर होतो.

पट्टी वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. वाडीवाडीवर अशी पट्टी असती तर नसीमचं पहिलं मूल वाचलं असतं. म्हणूनच मी जीव तोडून काम केलं. दोन वर्षं त्यांची प्रत्येक खेप माझ्या काचेशी ताडून बघितली. समुद्रावरच्या दमट हवेत पाकीट फोडून ठेवलं की रेघ फिकी पडते, हे मी दाखवलं. सुपारी सोलणाऱ्या आणि मिठागरात राबणाऱ्या बायकांच्या बोटाच्या टोकाला त्यांची सुई टोचतच नाही, हे त्यांना वातानुकूलित खोलीत बसून कळणार नव्हतं. मी म्हटलं, बोटाच्या कडेला टोचा आणि सुई जरा लांब घ्या. त्यांनी घेतली. त्या संचातली सुई अजून माझ्या मापाची आहे.

शेवटी पट्टीची परीक्षा आली. यासाठी सीरमचा एक ठरलेला संच लागतो, त्याला पॅनल म्हणतात. पट्टीला न सांगता तिच्यासमोर रोगी आणि निरोगी मांडायचे आणि ती किती ओळखते ते बघायचं. मी तीन डबे काढून ठेवले. उपचार न झालेले रोगी, निरोगी रक्तदाते आणि निळा डबा.

सबनीस निळ्या डब्यापाशी थांबले. "यांच्यावर पट्टी काय दाखवेल, मॅडम?"

"दोन रेघा."

"म्हणजे तिच्या दृष्टीने बरोबरच."

"आणि बाईच्या दृष्टीने चूक. तिला रोग नाहीये."

ते हसले. "हा ग्रे एरिया आहे. ही सॅम्पल्स रोग्यांत घालायची की निरोग्यांत, यावरच वाद होईल. आपण पॅनल क्लीन ठेवू. हे पुढच्या अभ्यासात घेऊ."

मी अर्धा दिवस वाद घातला. अर्धाच, हे लक्षात ठेवा. दुपारी जेवणानंतर मी निळा डबा परत फ्रीजरमध्ये ठेवला आणि पॅनलच्या कागदावर सही केली. का केली, ते सांगते. अहवालावर माझं नाव येणार होतं. इतक्या वर्षांत माझं नाव फक्त हजेरीपटावर छापून आलं होतं. शिवाय कंपनी आमच्या लॅबला रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं नवं सेंट्रिफ्यूज देणार होती आणि जुन्याचा एक पाय विटेवर होता. यापेक्षा थोर कारण मला शोधूनही सापडलेलं नाही.

पट्टीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मिळणारच. मुलाला न येणारा धडा परीक्षेतून काढून टाकला की कुठलाही मुलगा पहिला येतो.

मग सोहळा. रुग्णालयाच्या पटांगणात मांडव. फलकावर आधी 'सिफिलिसमुक्त किनारा' असं लिहून आलं होतं. प्रमुख पाहुण्यांच्या माणसाने ते पाहून पाहुण्यांचा फोटो आणि तो शब्द एका चौकटीत येता कामा नये असं सांगितलं. फलक बदलून आला, 'सुरक्षित मातृत्व महाअभियान'. मांडवातल्या एकाही बाईला आपलं रक्त कशासाठी काढताहेत ते कळू नये, याची व्यवस्था शब्दांनी चोख केली.

त्या दिवशी गरोदरपणाच्या तपासणीला आलेली प्रत्येक बाई आधी पट्टीच्या टेबलावरून जाणार होती. नसीम तिसऱ्या खेपेला गरोदर होती, सातवा महिना. सोबत सासू, अमिनाबी. सासूसमोर 'माझी तपासणी मागेच झालीय' असं ती कोणाला आणि कसं सांगणार होती? तिने बोट पुढे केलं.

तेव्हा मी कुठे होते, तर व्यासपीठावर. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि समोर पाहुण्यांचं भाषण. माझा 'रक्तातून राष्ट्रसेवा' करणारी भगिनी असा उल्लेख झाला. मी मान खाली घालून विनयाने हसत होते. तेवढ्यात मांडवाच्या कडेला कंपनीचा एक स्वयंसेवक मोठ्याने म्हणाला, "पॉझिटिव्हवाल्या इकडं, गुलाबी कार्ड घेऊन."

तीन बायका उठल्या. तिसरी नसीम.

पट्टीवर दोन रेघा बघून अमिनाबीला आधी बरं वाटलं होतं, हे मला नंतर कळलं. गरोदरपणाच्या पट्टीत दोन रेघा चांगल्या असतात, हे खेड्यातही आता सगळ्यांना ठाऊक आहे. बाजूच्या तंबूतल्या समुपदेशकाने तिचा गैरसमज दूर केला. सासूला शेजारी बसवून, सुनेचं नाव घेऊन, छापील माहितीपत्रक वाचून दाखवत. त्या पत्रकात रोग कसा होतो ते सविस्तर होतं. बऱ्या झालेल्यांविषयी एक ओळ नव्हती. ती ओळ आमच्याच फ्रीजरमध्ये पडलेली होती.

मी नारळासकट खाली उतरेपर्यंत त्या दोघी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला, आमच्या आशाताईला, पाठवून नसीमला बोलावलं. ती भावाबरोबर आली, म्हणजे माहेरी पोचवून झालं होतं. मुलगा सासरीच ठेवून घेतला होता. मी तिचं रक्त घेतलं, काच फिरवली. स्वच्छ. एक गुठळी नाही. मी तसा कागद लिहून दिला. तिने तो घडी करून घेतला.

"काल एका कागदानं हाय म्हटलं," ती म्हणाली, "आज दुसरा म्हणतोय न्हाय. घरात म्हणतील, पैसे देऊन आणला."

मी सबनीसांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, वाईट वाटतं. पण टेस्ट फेल नाही झाली. प्रतिद्रव्यं आहेत, तिने दाखवली."

"पत्रकात लिहा की आधी उपचार झालेल्या बाईला ही पट्टी रोगी ठरवेल."

"त्यासाठी तसा डेटा पॅनलमध्ये हवा होता."

"डबा तुम्ही वगळलात."

"पॅनलवर सही तुमची आहे, मॅडम." आवाजात उर्मटपणा जराही नव्हता. नुसतं स्मरण करून देत होते.

फोन ठेवल्यावर मी नव्या सेंट्रिफ्यूजकडे बघत बसले. आवाजसुद्धा होत नव्हता त्याचा. मग पत्रं लिहायला घेतली. कंपनीला, जिल्ह्याला, आमच्या साहेबांना. त्यांत डब्याची गोष्ट लिहिली आणि सही माझी आहे हेही लिहिलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचीच शाल तुम्ही फाडताय." मी म्हटलं, शाल तशीही सिंथेटिक आहे.

महिन्याभराने अमिनाबी लॅबमध्ये आली. सोबत इम्तियाज. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. तिशी उलटलेला, सभ्य चेहऱ्याचा, अत्तर लावलेला. बातमी कळल्यावर रजा काढून आला होता.

अमिनाबीने बाकावर बसून बुरख्याच्या आतून एक प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. गोल, जांभळा शिक्का. फिट.

"बाई, आमाला लिवून पायजे."

"काय लिहून?"

"का तिची बिमारी निकाच्या आधीची हाय. माज्या पोराला काय न्हाय, ह्यो कागद हाय त्याचा. जमातीत बैठक हाय जुम्म्याला. तिथं दाखवायचा."

म्हणजे त्या शुक्रवारी नसीमचा निकाल लागणार होता. आठवा महिना संपत आलेला. माझी एक ओळ आणि ती पोटातल्या मुलासकट कायमची माहेरी, थोरला मुलगा इकडे.

"खाला, तसं रक्तात लिहिलेलं नसतं," मी म्हटलं. "रोग कधीचा, कुणाकडून, हे कुठलीच तपासणी सांगत नाही."

"मग ती पट्टी कशी सांगते?"

"ती एवढंच सांगते की हा रोग कधीतरी होऊन गेलाय. आज आहे की नाही, हेही तिला कळत नाही. नसीमला आज काही नाही. मी स्वतः बघितलंय."

"बघितलंय, बघितलंय," अमिनाबी म्हणाली. "तुमीच वर शाल घेऊन बसलावतात न्हाय? तुमचीच पट्टी ना ती? तवा खरी व्हती, आता खोटी झाली?"

इम्तियाज मध्ये पडला. "मॅडम, माझा मेडिकल दर दोन वर्षांनी होतो. क्लिअर आहे. बाकी तुम्ही समजून घ्या."

त्याचं 'समजून घ्या' माझ्या डोक्यात गेलं. या माणसाने इंजेक्शनं घेतली होती, तो बरा झाला होता. मुंबईतल्या त्या केंद्रात माझ्यासारखीच जुनी काच फिरवत, म्हणून त्याच्या कागदावर काही येत नव्हतं. नसीमच्या बाबतीतही काच स्वच्छच होती. दोघांचं रक्त एकसारखं. फरक एवढाच की त्याला काच मिळाली आणि तिला पट्टी. हे सगळं मला ठाऊक होतं आणि त्यातला एक शब्दही मला बोलता येत नव्हता. एका रोग्याचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तो नियम चांगला आहे आणि त्या दिवशी मला तो नकोसा झाला होता.

मी कपाट उघडून एक पट्टी काढली, पाकीट फोडलं, सुई बाजूला ठेवली.

"लिहून हवंय ना? मग नवराबायको दोघांचंही रक्त एकाच तपासणीने बघून लिहिते. बोट द्या."

"माझा झालाय ना मेडिकल."

"तो काचेवरचा. तिची पट्टीवर झाली. तुमचीही पट्टीवर करू. पंधरा मिनिटं लागतात."

"गरज काय पण?"

"दे की," अमिनाबी त्याला म्हणाली. "येक थेंब तर हाय. दे आनि तोंड बंद कर लोकांचं."

इम्तियाज पट्टीकडे बघत होता. त्याने हात टेबलावर ठेवला आणि परत घेतला. मुंबईत कोणत्यातरी डॉक्टरने त्याला बहुधा सांगितलं असावं की ही दुसरी तपासणी आता तुझा पिच्छा सोडणार नाही. नाहीतर एवढा घाबरला नसता.

"गाडी लावलीय रस्त्यात," तो म्हणाला. "हटवून येतो."

"गाडी राहू दे. बोट दे."

"अम्मी, येतो म्हणतो ना."

तो गेला. खिडकीतून गाडी दिसत होती, कुंपणाच्या आत, सावलीत, कोणाच्याही वाटेत नसलेली. तो तिच्याकडे गेलाच नाही. फाटकापाशी सिगारेट पेटवून पाठमोरा उभा राहिला.

अमिनाबी खिडकीतून बघत होती. बाहेर बाकावर दोन माणसं थांबली होती, मी त्यांना नंतर या म्हणून सांगितलं. उघडी पट्टी टेबलावर तशीच होती.

"पयलं पोर गेलं तवा," ती म्हणाली, "मी तिला लय बोललेली. का बागेत गेलीस सांजंच्या टायमाला, नजर लागली." मग तिने विचारलं, "ते पोर ह्या बिमारीनं गेलं?"

"तेव्हा तपासलं नव्हतं, खाला. पण ह्या रोगात तसं होतं."

"आनि तिला ती कोणी दिली?"

मी काही बोलले नाही. मी बोललेच नाही, हे पुन्हा सांगते, कारण तो नियम मी त्या दिवशीही मोडला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. मग टेबलावरचा मढवलेला कागद उचलला, बुरख्यात ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

"लिवू नका काय," ती म्हणाली.

शुक्रवारची बैठक झाली नाही. शनिवारी अमिनाबी स्वतः रिक्षा करून नसीमच्या माहेरी गेली आणि तिला घेऊन आली. पुढच्या महिन्यात आमच्याच रुग्णालयात नसीमला मुलगी झाली, पावणेतीन किलो. इम्तियाज त्याआधीच परत गेला होता. आईने त्याला काय विचारलं की काहीच विचारलं नाही, मला माहीत नाही. नसीम म्हणाली, घरात कोणी त्यावर बोलत नाही. सासू फक्त तिच्या ताटात आधी वाढते.

वर्षभराने माझ्या पत्रांचं फळ आलं. पट्टीच्या पत्रकात एक ओळ वाढली. पूर्वी उपचार घेतलेल्यांत ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून. इंग्रजीत, शेवटच्या पानावर, मला भिंग लावून वाचावी लागली. ज्यांच्या हातात ही पट्टी असते त्या आशाताईंना इंग्रजी येत नाही आणि ज्यांच्यासाठी ती ओळ आहे त्यांच्या हातात पत्रक जातच नाही. गुलाबी कार्डं अजून चालू आहेत, फक्त आता ती निळी केलीत. सबनीस बढती घेऊन हैदराबादला गेले. निरोगी माणसाला रोगी ठरवणं यात कोणाला गुन्हा दिसला नाही, कारण ठरवणारी बाब शास्त्रीयदृष्ट्या अचूक होती.

माझ्यावर मात्र चौकशी बसली. नसीम परत नांदायला आली त्याचं काहीतरी कारण वस्तीत सांगावं लागणारच होतं. मुलाचं नाव पुढे करणं अमिनाबीला शक्य नव्हतं आणि सुनेचं तिला आता करायचं नव्हतं. तिने घरोघर सांगितलं की लॅबवाल्या बाईने घोटाळा केला, भलत्याच बाईचा रिपोर्ट नसीमच्या नावावर टाकला. कोणीतरी ते वरपर्यंत नेलं. निवृत्तीला चार महिने राहिलेले. समितीत तिघं होते. मधल्याने कागदातून डोकं न काढता विचारलं, "तुमच्या हातून चूक झाली, असं तुम्हाला मान्य आहे का?"

मी हो म्हटलं. त्यांनी कुठली ते विचारलं नाही.